साडेपाचवाल्या ताईंची मूठ

आमच्या टीममध्ये तिला समोर सगळे 'ताई' म्हणायचे आणि पाठीमागे 'साडेपाच'. हे टोपणनाव मीच ठेवलं होतं, तेव्हा आधीच कबूल करून टाकतो. रोज संध्याकाळी साडेपाच वाजले की ती पेन्सिल डब्यात ठेवायची, खुर्ची टेबलाखाली ढकलायची आणि "येते सर" म्हणून निघायची. ऑफिसला आग लागली असती तर कोणाला फोन करायचा ते कागदावर नीट लिहून ती साडेपाचलाच गेली असती. मी टीमचा प्रमुख, आणि स्वभावाने तापट. मी आठ-आठ वाजेपर्यंत खुर्ची गरम करायचो आणि ही बाई घड्याळ लावून नोकरी करते म्हणून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

ती टेस्टर. म्हणजे आम्ही सॉफ्टवेअर बनवायचं आणि ते कुठे मोडतं ते तिने शोधायचं. चूक सापडली की ती त्या स्क्रीनचा कागद छापायची, चुकीभोवती पेन्सिलने एक बारीक गोल काढायची, कोपऱ्यात नंबर टाकायची आणि ज्याची चूक त्याच्या टेबलावर तो कागद ठेवून निघून जायची. आवाज नाही, आरडाओरडा नाही. आपण चूक दुरुस्त करून कागद परत दिला की ती त्यावर दरवेळी तेच वाक्य लिहायची: "दुरुस्त झाली असं कळतं. पुन्हा तपासणार." आणि कागद एका निळ्या फाइलीत लावायची. त्या 'असं कळतं'चा आम्हाला किती राग यायचा म्हणून सांगू! आमचा प्रोग्रामर तर म्हणायचा, "ताई, उद्या मी मेलो तर माझ्या फोटोखालीही लिहाल, गेला असं कळतं."

त्या प्रोग्रामरला आम्ही 'वादळ' म्हणायचो. यायचा वादळासारखा, बोलायचा तसाच, आणि काम सांगायच्या आधी "होऊन जाईल सर!" म्हणायचा. स्क्रीनचे रंग नि आकार ठरवणारी मुलगी होती, तिचं नाव 'रंगारी'. सगळी माहिती साठवून ठेवणारा एक गृहस्थ होता, वय बेचाळीस, पण दिवसातून दहा वेळा "आमच्या वेळी" म्हणायचा म्हणून 'आजोबा'. हे तिघं, ताई आणि मी. पाच जणांची टीम.

आता आमची एक पद्धत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी कुठल्याशा प्रशिक्षणातून शिकून आलो होतो. दर शुक्रवारी सकाळी सगळ्यांनी उभं राहायचं, मी तारीख वाचायची आणि "एक, दोन, तीन" म्हटलं की प्रत्येकाने हात वर करून बोटं दाखवायची. पाच बोटं म्हणजे 'माझा जीव ओतणार', एक बोट म्हणजे 'कठीण आहे', आणि बंद मूठ म्हणजे 'माझा नकार'. मग मी फळ्यावर बोटांची सरासरी काढायचो. चार किंवा वर आली की तारीख पक्की. केवढा अभिमान होता मला त्या सरासरीचा! माणसाची कमिटमेंट मोजायचं यंत्रच हाती लागलं असं वाटायचं.

वादळाची पाच बोटं माझं "एक" म्हणून व्हायच्या आत वर असायची. रंगारीची पाच, आजोबांची पाच, माझी तर पाचच. आणि ताईची तीन. दोन वर्षं, दर शुक्रवारी, तीन.

एकदा मी सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, उरलेली दोन कुठे गेली?"

"घरी लागतात, सर," ती म्हणाली.

सगळे हसले, मीही हसलो. तीही हसली, पण बोटं काही वाढली नाहीत. त्या तीन बोटांत ती जे करते म्हणायची ते दर गुरुवारी माझ्या टेबलावर असायचं, एकदाही चुकलं नाही. आणि पाच बोटंवाल्यांच्या मागे मला दर बुधवारपासून फिरावं लागायचं. हे दिसत होतं हो मला. पण उथळ पाण्याच्या खळखळाटाची सवय झाली की खोल पाणी साचलेलं वाटायला लागतं. माझंही तेच झालं होतं.

तिच्या घरी वडील होते. पूर्वी लिफ्ट दुरुस्त करायचे. पक्षाघाताने उजवी बाजू गेली होती आणि शब्द मोजकेच उरले होते. सांभाळायला एक मावशी सकाळी साडेआठला यायच्या आणि संध्याकाळी सहाला निघायच्या. सहाच्या आत ताईला घरी पोहोचणं भागच होतं. एक भाऊ होता दूर दुसऱ्या शहरात. तो रविवारी फोन करून "मी आहे ना, काळजी करू नकोस" म्हणायचा आणि पुढच्या रविवारपर्यंत कुठे असायचा देव जाणे. पाच बोटंवाला, आमच्यासारखाच. अर्थात हे सगळं मला फार नंतर कळलं. दोन वर्षांत मी विचारलंच नव्हतं.

त्या वर्षी आम्ही एका हॉस्पिटलच्या लहान मुलांच्या वॉर्डासाठी सॉफ्टवेअर करत होतो. मुलांना औषध वजनावर देतात. सिस्टरने बेडचा नंबर उघडायचा, मुलाचं वजन आधीच भरलेलं असायचं आणि स्क्रीन सांगायची की औषध किती मिलि द्या. तोवर तिथे पुठ्ठ्याची कार्डं होती. बेडच्या पायाशी अडकवलेली, हाताने लिहिलेली, कोपरे दुमडलेली. ती कार्डं जाऊन आमची स्क्रीन सोमवारी सकाळी सात वाजता सुरू व्हायची होती.

आदल्या शुक्रवारी मी तारीख वाचली. "एक, दोन, तीन!" पाच, पाच, पाच, पाच. आणि ताईची मूठ. बंद.

वादळ म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची!" आणि तो, रंगारी, आजोबा हसले. मला मात्र हसू आलं नाही.

"काय झालं ताई?"

"एक चूक आहे, सर. एका मुलाचं पान उघडून मधेच 'मागे' दाबलं आणि दुसऱ्याचं उघडलं, तर नाव नवीन येतं पण वजन पहिल्याचंच राहतं."

"दाखवा."

"पुन्हा होत नाहीये. मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी एकदाच झालं. तेव्हा आपलं नेट रडत होतं. त्यानंतर चाळीस वेळा करून पाहिलं, नाही झालं." तिने कागद पुढे केला. गोल काढलेला होता, पण आत आकडा नव्हता, नुसती वेळ लिहिलेली. छापायच्या आत स्क्रीन बदलून गेली होती.

"माझ्या मशीनवर होत नाही," वादळ म्हणाला. हे वाक्य आमच्या धंद्यात रोजचंच आहे.

"तुमच्या मशीनवर औषध कोण घेतंय?" ताई म्हणाली. एवढं एकच तिखट वाक्य ती दोन वर्षांत बोलली असेल.

मी फळ्याकडे वळलो. पाच चोक वीस, आणि एक शून्य. वीस भागिले पाच, चार. "चार आले," मी म्हणालो. "तारीख पक्की." आणि खाली सही ठोकली. आज सांगताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा मला खरंच वाटलं की मी फार शास्त्रशुद्ध वागतोय. नकार हा काय बेरजेत मिसळायचा आकडा आहे? पण नाही. आमच्यासारखी गणिती माणसंच असली चूक करू जाणे.

बाहेर पडताना ताई माझ्याजवळ आली. "तारीख तुमची, सर. पण पहिले दोन दिवस जुनी कार्डं काढू नका, आधी कार्ड बघा आणि मगच द्या, असं मोठ्या सिस्टरना सांगू का?"

"सांगा काय सांगायचं ते!" मी हात झटकले.

दुपारी मी रागाच्या भरात वरच्या मजल्यावरच्या मोठ्या साहेबांना पत्र लिहिलं. 'यांची कामाशी बांधिलकी कमी पडते. ऐन वेळी अडवणूक करतात. तरी यांना चालू महिन्याच्या एकतीस तारखेपासून या टीममधून मोकळं करावं.' आमच्याकडे टीममधून मोकळं करणं म्हणजे दुसऱ्या टीमने उचललं तर ठीक, नाहीतर दोन महिन्यांत घरी. आणि आमच्याकडे टेस्टरला उचलायला कोणी धावत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पत्र छापायला दिलं आणि तेवढ्यात मला एक फोन आला. प्रिंटर बाहेर, सगळ्यांचा एकच. अर्ध्या तासाने परत आलो तर पत्र माझ्या खणात उलटं ठेवलेलं, आणि 'एकतीस'भोवती पेन्सिलने एक बारीक गोल.

मी कॅलेंडर बघितलं. महिना तीस दिवसांचाच होता! आमचे कारकून काका चष्मा नाकावर ओढून सगळ्यांचं सगळं वाचतात. म्हटलं, काकांचंच काम. मनातल्या मनात त्यांचे आभार मानले, एकतीसचे तीस केले आणि पत्र वर पाठवून दिलं. दोन वर्षं ते गोल बघितले होते मी. पण रागावलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही ते खोटं नाही.

साडेपाचला ताई "येते सर" म्हणून गेली. रोजच्यासारखीच.

सोमवारी पावणेसातला मी हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो. सगळ्यांनी साडेसहाला यायचं ठरलं होतं. रंगारीचा निरोप होता की घसा बसलाय. आजोबा चुकीच्या दाराशी उभे राहून मला फोन करत होते. वादळाचा फोन बंद. आणि लिफ्टसमोर, भिंतीला लागून चाकांच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट, मांडीवर ताईची पिशवी.

"माझे बाबा," ताई आतून येत म्हणाली. "मावशी साडेआठला येतात ना, म्हणून घेऊनच आले. इथूनच नेतील त्या त्यांना. सहापासून आहोत आम्ही."

बाबांनी माझ्याकडे बघून डावा हात उचलला. मग लिफ्टकडे बोट केलं. "दार... उशिरा," ते म्हणाले.

"लिफ्टचं दार एक सेकंद उशिरा बंद होतं म्हणतायत," ताई म्हणाली. "आयुष्यभर हेच केलंय त्यांनी. दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये पहिले स्वतः बसायचे. तळापासून गच्चीपर्यंत. मग कागदावर सही."

मला शुक्रवारची माझी सही आठवली आणि मी विषय बदलला.

सात वाजता सुरुवात झाली. वॉर्डातल्या सिस्टर चटपटीत होत्या. एका हाताने स्क्रीन, दुसऱ्या हाताने मुलाचं पांघरूण. ताई त्यांच्या डाव्या खांद्यामागे उभी, हातात पेन्सिल. पहिला बेड ठीक. दुसरा ठीक. मला जरा हायसं वाटलं. म्हटलं, बघा, उगाच बाऊ केला बाईने.

तिसऱ्या बेडवर आठ वर्षांचा मुलगा होता, वजन चोवीस किलो. सिस्टरनी त्याचं पान उघडलं. हॉस्पिटलचं नेट आमच्याहून मंद. स्क्रीनवरचं ते चाक गरगर फिरतच राहिलं. मुलगा बाथरूमला गेलेला. सिस्टर कशाला थांबतायत! त्यांनी 'मागे' दाबलं आणि चौथा बेड उघडला. तिथे सहा किलोचं बाळ. त्याची आई खाली वाकून त्याच्या पायात मोजे घालत होती.

स्क्रीनवर बाळाचं नाव आलं. खाली औषध: दहा मिलि.

सिस्टरचा हात बाटलीकडे गेला. ताईने आपला पंजा सरळ त्या स्क्रीनवर ठेवला, आकडा झाकून. "सिस्टर, कार्ड," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता.

सिस्टरनी बेडच्या पायाशी अडकवलेलं कार्ड उलटलं. "अडीच," त्या म्हणाल्या. मग स्क्रीनकडे बघितलं. मग पुन्हा कार्डाकडे. "अगंबाई! हे चौपट दाखवतंय!"

बाळाची आई वर बघून म्हणाली, "काही झालं का?" सिस्टर म्हणाल्या, "काही नाही हो, बाळाला औषध देतेय," आणि कार्डावर बघून अडीच दिलं. बाळाने तोंड वाकडं करून भोकाड पसरलं. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता, खरं सांगतो.

स्क्रीन तिथेच बंद केली. आम्हाला औषधांच्या कपाटाशेजारची एक खोली मिळाली. ताईने तिथल्या मंद नेटवर तीच चूक एकदा नाही, पाच वेळा करून दाखवली: चाक फिरत असताना 'मागे' दाबायचं, बस्स. नऊला वादळ आला. गजर ऐकूच आला नाही म्हणाला, आणि खरंच असावं, कारण आठवडाभर तो राबला होता. मुलगा वाईट नाही. ताईने त्याच्यासमोर कागद ठेवला. आता त्या गोलात आकडा होता. तो कागद बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला, आणि मग चार वाजेपर्यंत तो "होऊन जाईल" हे शब्द एकदाही बोलला नाही. खाली मान घालून काम केलं. दुरुस्त झालं. ताईने साठ वेळा तपासलं.

साडेपाच वाजले. तिने पेन्सिल डब्यात ठेवली, खुर्ची आत ढकलली. पण "येते सर" म्हणाली नाही. दारात थांबली.

"सर, एक विचारायचं होतं. उद्या कुठे यायचं? इथे की ऑफिसात? म्हणजे तीस तारखेपर्यंत?"

"तीस तारीख... तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पत्र प्रिंटरवर होतं. माझेच कागद घ्यायला गेले होते, त्यात आलं. तारीख चुकली होती, सर. एकतीस आहेच कुठे या महिन्यात?"

घ्या! मी तिच्या पोटावर पाय द्यायला निघालो होतो आणि तिने माझ्या पत्रातली चूक काढून ते परत खणात ठेवलं होतं. कारकून काका वगैरे कोणी नाही. मला त्या क्षणी जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं.

"शुक्रवारी वाचलंत तुम्ही?" मी कसंबसं म्हणालो. "आणि तरी आज सहाला आलात? बाबांना घेऊन?"

"मूठ तारखेला होती, सर," ती म्हणाली. "कामाला तीनच होती, नेहमीसारखी."

मला रडू आलं. त्या खोलीत, वादळासमोर, चांगला अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा मी. "ताई, चुकलो मी," एवढंच म्हणता आलं. "उद्या इथे या. परवाही या. तीस तारखेचं मी बघतो."

तिने घड्याळ बघितलं. पाच चौतीस. "मावशी वाट बघत असतील," म्हणाली आणि जवळजवळ पळतच गेली. दोन वर्षांत तिला पहिल्यांदा उशीर झाला आणि तोही माझ्यामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी फळा पुसला. सरासरीचा तो चार पुसला आणि लिहिलं: 'एक मूठ दिसली की तारीख थांबेल.' मग वरच्या मजल्यावर गेलो. मोठ्या साहेबांपुढे सगळं सांगितलं, बाळाचं, सहीचं, पत्राचं. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही आणि ते योग्यच केलं. पण पत्र परत दिलं.

हॉस्पिटलात ताई त्याच खोलीत होती. मी पत्र तिच्यासमोर ठेवलं. "हे परत घेतलंय. आता तुम्ही जाणार नाही. फाडा, जाळा, काय वाटेल ते करा."

तिने पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. डब्यातून पेन्सिल काढली. 'बांधिलकी कमी पडते' या शब्दांभोवती बारीक गोल काढला आणि कोपऱ्यात नंबर टाकला. खाली लिहिलं, "दुरुस्त झाली असं कळतं. पुन्हा तपासणार." आणि माझ्याकडे बघून किंचित हसून पत्र निळ्या फाइलीत लावून टाकलं.